न म्हटलेलं ‘या’

आमच्या गावातल्या अण्णांच्या किराणा दुकानाची आजोबांपासूनची एक रीत आहे. नुसतं मीठ घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकालाही ‘या’ म्हणायचं. मयताचं सामान नेणाऱ्याला मात्र म्हणायचं नाही. त्यानं तसल्या कामाला पुन्हा येऊ नये म्हणून.

फाट्यावर मोठं दुकान झालं आणि गाव तिकडे वळलं. तिथे सगळं मिळतं, फक्त मडकं आणि कोरं कापड मिळत नाही. त्यामुळे हल्ली अण्णांची पायरी चढतात ती मयताच्या घरचीच माणसं. ज्या घराण्यानं तीन पिढ्या गावाच्या तोंडी गूळ घातला, त्याची गावाला आता कुणी मेल्यावरच आठवण होते. दुकानदाराला गाव घडवतं ते असं.

काल मी गेलो, तेही फाट्यावर जायचा कंटाळा आला म्हणून.

“कोण गेलं?” अण्णांनी विचारलं.

“कोणी नाही. आई अंथरुणावर आहे. तिच्या पेजेला साबुदाणा हवाय.”

त्यांनी शोधून पुडी दिली. साबुदाण्याला जाळी धरली होती. फळीवरची मडकी मात्र स्वच्छ पुसलेली होती.

पायरी उतरून मी चपला घालत जरा रेंगाळलो.

अण्णा ‘या’ म्हणाले नाहीत.