मेंगच्या हातचा कट्टा

मेंग ताओलिनचे हात ऑक्टोबरभर काळेच असायचे. बर्फ पडायच्या आत गावातल्या घरांमधले झोपायचे कट्टे उघडायचे, वरच्या फरश्या उचलायच्या, पोटातल्या धुराच्या वाटांमधली काजळी खरवडायची, फरश्या बसवून वर भुसा कालवलेली माती लिंपायची. मग चुलीचा धूर आतून नीट फिरतो, कट्टा रात्रभर ऊब धरतो आणि त्यावर अख्खं घर झोपतं. या कामापायी त्याची कंबर पार गेली होती.

त्याच्या घरचा कट्टा मात्र दरवर्षी राहून जायचा. दारात कुणी धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत उभं राहिलं, की गड्याच्या तोंडून ‘नाही’ निघायचं नाही. पुढच्या वर्षी पहिला आपला, असं तो बायकोला, युएह्वाला, सांगायचा. ती नुसतं हूं म्हणायची. यंदा तिचे गुडघे असे धरले होते, की हा हिवाळा गार कट्ट्यावर काढला तर ती पुन्हा उभी राहील की नाही, याची त्याला धास्ती होती.

आणि तरी माणूस बघा! यंदाही शेजारच्या दोंगांचा कट्टा आधी केला. दोंग मंडळी हार्बिन शहरात राहायला गेलेली, नववर्षाला तेवढी यायची. पण किल्ली देताना म्हणाली होती, कट्ट्याचं तेवढं बघा. माती वाळावी म्हणून रोज मंद जाळही यानंच घातला.

शेवटी त्यानं स्वतःचा कट्टा उघडला, लिंपला, आणि त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झालं. ओली माती गोठू नये म्हणून तो चुलीशी जाळ राखत बसला आणि दमून तिथेच झोपी गेला. सकाळी चूल गार होती. रात्रीत गोठलेल्या मातीला बोट लावलं तर पापुद्रे सुटून आले. आता वसंत येईपर्यंत काही होण्यातलं नव्हतं. त्याला स्वतःचीच चीड आली, पण चिडायचंही त्राण नव्हतं.

युएह्वानं रजई गुंडाळली आणि खिळ्यावरची दोंगांची किल्ली काढली. लोक काय म्हणतील, असं तो पुटपुटला.

"म्हणू देत. उबेत बसून म्हणतील, तुमच्याच कृपेनं."

दोंगांच्या घरात त्यानं चूल पेटवली. चुलीकडचं ऊबदार टोक मानाच्या माणसाचं. ती सरळ तिथेच आडवी झाली. मग कट्ट्यावरून हात फिरवत म्हणाली,

"अहो, नातवंडं झाली आपल्याला. तुमच्या हातचा कट्टा आज पहिल्यांदा पाठीला लागला. चांगला करता हो."

त्यानं तोंड फिरवलं आणि मक्याची आणखी चार धाटं चुलीत सारली.