गोड वास गेल्यावर

डॉक्टरांनी मी दिलेले तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिन्हींवर एकच मजकूर: जखमेत स्यूडोमोनास, इतर जंतू नाही, जेंटामायसिन चालेल. खाली माझी सही.

"जेंटामायसिन दिलं. पाय सडतोच आहे. शनिवारी घोट्याच्या वर कापणार," ते म्हणाले. "तुमचं काही चुकलंय का, तेवढं बघा."

मला राग आला. डिचोलीच्या त्या लहानशा लॅबमध्ये कल्चर मी एकटीच करायचे, म्हणजे जखमेतला पू प्लेटवर पसरून जंतू वाढवायचे. माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नसत. गोवा घटकराज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. पेशंट सोमा, शिरगावचा. पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाची जाणीव गेली होती. बूट चावला, फोड फुटला, त्याला पत्ताच नाही. पाय गेला की ट्रकही गेला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

नमुना घ्यायला मी स्वतः वॉर्डात गेले. दोन बोटं काळी पडली होती. मी कापसाची काडी जखमेत पार हाडापर्यंत फिरवली, आणि सोमा मला यंदाचे काजू कसे आलेत ते सांगत राहिला.

त्याची बायको शेवंती माझ्यामागून बाहेर आली. जखम झाल्यावर घरभर गोड वास सुटला होता, म्हणाली. लईराईला मोगऱ्याच्या कळ्या वाहणारं गाव ते. देवीच घरात आली असं सगळ्यांनी धरलं आणि पंधरा दिवस दवाखाना गाठला नाही. मी तिला चार शब्द सुनावणारच होते.

"वास आसलो तेन्ना पाय बरो आसलो," ती हळूच म्हणाली. "इंजिशनां दिलीं, वास गेलो, आनी पाय कुसपाक लागलो. तो वास परत येवपाक जाय, बाय." वास गेला तेव्हापासून पाय कुजतोय, तो वास परत यायला हवा, असं तिचं म्हणणं.

लॅबमध्ये येऊन मी आदल्या दिवशीची प्लेट उघडली. हिरवट थर, आणि तोच गोड वास. तो स्यूडोमोनासचा असतो, हे आम्हा लॅबवाल्यांना पाठ. पण प्लेटला वास होता आणि पायाला नव्हता. म्हणजे जखमेत तो थोडासाच उरला होता. प्लेटवर मोकळं रान मिळालं म्हणून तो माजला होता. मग पाय कोण खात होतं?

नवा नमुना मी जास्त मिठाच्या प्लेटवर लावला. तिथे स्यूडोमोनास वाढत नाही. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. आमच्याकडे कोरी प्लेट लगेच फेकत, पण ही मी ठेवली. शनिवारची तारीख डॉक्टरांकडून दोन दिवस पुढे ढकलून घेतली. तिसऱ्या सकाळी प्लेटवर सुईच्या टोकाएवढे ठिपके होते. स्टॅफिलोकोकस, पू करणारा नेहमीचा जंतू, पण खुरटलेला.

स्यूडोमोनास एक द्रव्य सोडतो. त्याने स्टॅफ मरत नाही, त्याचा श्वास कोंडतो. तो बारीक होऊन गप्प पडून राहतो, आणि अशा खुरटलेल्यावर जेंटामायसिन चालत नाही. आम्ही औषधाने राखणदार मारला आणि दडलेल्याला मोकळं सोडलं. शेवंतीने हे नाकाने ओळखलं होतं. मला मायक्रोस्कोपने कळलं नाही.

औषध बदललं. पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली. पहिलाच नमुना मी मिठाच्या प्लेटवर लावून तीन दिवस ठेवला असता तर तीही राहिली असती, असं मला आजही वाटतं. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुठल्याही रिपोर्टवर "इतर जंतू नाही" असं लिहिलं नाही. "तीन दिवसांत दिसला नाही" एवढंच लिहीत आले.