डी ड्राइव्हची सोय

आमच्या घरी मुलाचा फोन माझ्या मोबाइलवर आला तरी तो माझ्यासाठी नसतो. "पप्पा, बरे आहात ना? आई कुठंय?" एवढं तो पुण्याहून विचारतो, आणि मी बरा आहे हे सांगेपर्यंत मोबाइल स्वयंपाकघरात पोचलेला असतो. तिथून मग हसण्याचे आवाज येत राहतात. मला त्यातलं काय ते जेवताना थोडक्यात कळतं. बापलेकांनी एकमेकांशी काय बोलायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. माझे वडील गावी असोद्याला शेतात केळीला पाणी द्यायचं असलं तरच माझ्याशी बोलायचे.

यात मध्यंतरी बदल झाला तो एका जुन्या कॉम्प्युटरमुळे.

माझी सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात गेली, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये. निवृत्त होऊन जळगावात आलो तेव्हा हा कॉम्प्युटर सोबत आणला. त्यात विंडोज होतं, आणि डी ड्राइव्हमध्ये कॉलनीतले फोटो आणि माझी सकाळी चहाबरोबर ऐकायची गाणी. हळूहळू तो इतका मंद झाला की बटण दाबून मी अंघोळ उरकून यायचो. मग मुलानं सुट्टीत येऊन त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स ही दुसरी, हलकी प्रणाली टाकली; चालू करताना दोन्हींतली हवी ती निवडायची. विंडोजची जागा विंडोजला, लिनक्सची लिनक्सला. भांडण न होता झालेली आमच्या घराण्यातली ही पहिलीच वाटणी.

लिनक्स झटकन चालू व्हायचं, पण विंडोजकडची डी ड्राइव्ह त्यात आपणहून उघडायची नाही. रोज तिच्यावर क्लिक करायचं, पासवर्ड द्यायचा, मग ती जोडली जायची. मुलगा याला 'माउंट करणं' म्हणायचा. पहिल्या सकाळी मला ते जमेना. मी फोन लावला.

"काहून उघडत नाही रे ही?"

"पप्पा, डावीकडं बघा. डिस्कचं चित्र आहे ना? त्यावर क्लिक करा. आता पासवर्ड."

ड्राइव्ह उघडली, गाणं लागलं, तरी फोन दोघांच्या कानाला तसाच. एकदम ठेवून कसा द्यायचा, म्हणून मी विचारलं, "नाश्ता केला का रे भाऊ?"

"पोहे खाल्ले."

"तठी चांगले भेटता का पोहे?"

तो हसला. माझ्या बोलण्यावर तो हसल्याचं मला त्याच्या लहानपणानंतर आठवत नव्हतं.

दोन-तीन दिवसांत मला सगळं आलं. येणार नाही तर काय? ज्यानं जन्मभर वीजनिर्मितीचा अख्खा संच चालू-बंद केला, त्याला एक क्लिक आणि एक पासवर्ड जड जाणार होता? पण मी फोन करणं सोडलं नाही. रोज चहा पुढ्यात घेऊन बसायचं आणि अडाण्यासारखं विचारायचं, "आता काय दाबू?" बायको करवादायची, "लेकराले रोज काय तेच ते विचारता? लिहून ठेवा ना कुठी!" मी म्हणायचो, वयामुळे ध्यानात राहत नाही. असलं सोंग मी नोकरीतही कधी केलं नव्हतं, पण इथे झकास वठलं.

ड्राइव्ह उघडायला मिनिट लागायचं आणि पुढचं बोलणं लांबत जायचं. एका सकाळी त्यानं पासवर्डनंतर म्हटलं, "पप्पा, मले ही नोकरी नकोशी झालीये. आईला सांगू नका, ती घाबरेल." आईला सांगू नका! माझ्या घरात एक गोष्ट मला आधी कळली होती. मी त्याला म्हटलं, "घाई करू नको. रोज बोलू आपण यावर." त्या दिवशी गाणं लावायचं राहूनच गेलं.

दिवाळीला तो आला आणि आल्या आल्या कॉम्प्युटरपुढे बसला. कुठल्याशा फाइलमध्ये त्यानं एक ओळ लिहिली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि डी ड्राइव्ह न विचारता हजर. "झाली तुमची सोय," तो म्हणाला. "आता चालू केलं की ती आपोआप जोडली जाईल. आणि काही अडलंच तर मला तिकडूनही तुमचा कॉम्प्युटर हाताळता येईल." चेहरा फुलला होता त्याचा. मी "शाब्बास" म्हणालो. राहू दे, मला फोन करायला आवडतं, हे एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. त्याची चुटपूट अजून लागून आहे.

फोन पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ लागला. त्यानं नोकरी बदलली, हे मला भरीत-भाकरी खाताना बायकोकडून कळलं. रोज बोलायचं ठरलं होतं आमचं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कुणावर काढणार?

मग एका सकाळी मी मुद्दाम विंडोज चालू केलं आणि नेहमीसारखं बंद केलं. असं करू नका, हे मुलानं बजावलं होतं. ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तसं झोपलं की लिनक्सला डी ड्राइव्ह उघडू देत नाही. मग लिनक्स चालू केलं, आणि तसंच झालं. मी चहा घेऊन बसलो आणि फोन लावला.

"ड्राइव्ह उघडत नाही रे."

"मीटिंगमध्ये आहे, पप्पा. कॉम्प्युटर चालू राहू द्या, मी इथूनच करतो." फोन बंद झाला.

थोड्या वेळानं पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. हा त्याचा हात, हे माझ्या ध्यानात आलं. मी पटकन माउसवर हात ठेवला आणि बाण माझ्याकडे ओढला. तो तिकडे गेला. मी पुन्हा ओढला. तो थांबला, मग जरा हलला, मीही जरासा हलवला. पडद्यावर एक कोरी चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली, "पप्पा, माउस सोडा."

मी सोडला. ड्राइव्ह उघडली, चौकट मिटली, आणि त्यानंतर मी विंडोज कितीदा तसंच बंद केलं तरी ती ड्राइव्ह एकदाही अडलेली नाही.