आणि की किंवा

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. शिक्षक तो कधीच नव्हता. पण कुणाच्या कोडमध्ये चूक दिसली की चष्मा कपाळावर सरकवून "इकडे या, बसा" म्हणायची त्याला खोड होती. बावीस वर्षं एकाच कंपनीत काढलेला माणूस. कंपनी लहानशी. दवाखान्यांतल्या फ्रिजवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर करायची. फ्रिज गरम झाला किंवा दार उघडं राहिलं की गजर वाजवायचा, एवढंच काम. पण त्या फ्रिजमध्ये तान्ह्या मुलांच्या लसी असायच्या.

एकाच कोडवर सातजण काम करत. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की संगणक अडून बसायचा: यातला कुठला ठेवू? ऑफिसात याला कॉन्फ्लिक्ट म्हणत, मास्तर मात्र सरळ भांडण म्हणायचा. ते मिटवणं त्याचं काम. दोघांना शेजारी बसवून तो विचारायचा, "तुम्ही हे का केलंत? आणि तुम्ही?" कधीकधी एका ओळीपायी अख्खी दुपार जायची.

मग दुसऱ्या कंपनीतून एक इंजिनिअर बाई आल्या. दोन वर्षं झाली तरी त्यांचं नाव नवीबाईच राहिलं. त्यांनी एक एआय आणलं. ते दोन्ही बदल वाचायचं, जुन्या नोंदी चाळायचं आणि जोडलेला कोड पुढे ठेवायचं. खाली दोन-तीन ओळींची टीप, आणि 'मान्य' असं बटण.

मास्तरनं आधी नाक मुरडलं. महिनाभर अक्षर न् अक्षर तपासलं. एक चूक सापडेना. दुसऱ्या महिन्यात तो वरवर बघू लागला, चौथ्यात नुसतं बटण दाबू लागला. भांडणं मिनिटात मिटायला लागली आणि कौतुक मास्तरचं व्हायला लागलं. त्यानं ते नाकारलंही नाही.

एका बुधवारी गजराच्या ओळीवरच भांडण आलं. एकानं दाराची वेळ दहा मिनिटांवरून पाचवर आणली होती, तर दुसऱ्यानं तापमानाची वेगळी असलेली अट त्याच ओळीत आणली होती. एआयनं दोन्ही जोडलं: दार पाच मिनिटं उघडं असेल आणि तापमान आठ अंशांच्या वर असेल, तर गजर. खाली टीप होती: "इथे 'आणि' हवं की 'किंवा', याची खात्री नाही. कृपया माणसानं ठरवावं."

मास्तर तेव्हा मुलीशी फोनवर बोलत होता. तिच्या नव्या घराचे पडदे निळे घ्यायचे की करडे, यावर वाद चालला होता. बोलता बोलताच त्यानं 'मान्य' दाबलं.

तीन आठवड्यांनी एका दवाखान्यातला फ्रिज बंद पडला. दार नीट लावलेलं होतं, म्हणून गजर वाजलाच नाही. सकाळी लसींच्या भांडारातल्या सिस्टरनं दार उघडलं तर आतून कोमट हवा आली. सगळ्या लसी टाकून द्याव्या लागल्या. बाहेर पोरांना कडेवर घेऊन आया रांगेत उभ्या होत्या, त्यांना परत पाठवलं. तिथल्या वरिष्ठांनी ठरवून टाकलं की सिस्टरनंच कटकट नको म्हणून गजर बंद केला असणार. "वाजलाच नाही हो," ती सांगत राहिली. चौकशी होईपर्यंत तिला भांडारातून काढून मलमपट्टीच्या खोलीत बसवलं.

तक्रार कंपनीकडे आली. मास्तरनं जुन्या नोंदी उघडल्या. तारीख, वेळ, ती टीप, आणि पुढे त्याचंच नाव.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"एआयनं चुकीचं जोडलं," मास्तर म्हणाला.

ते धड खोटंही नव्हतं. सगळ्यांचे डोळे नवीबाईंकडे वळले. साहेबांनी ते एआय त्याच दिवशी बंद करायला लावलं, वर "नवीन खुळं आणताना विचार करत जा" असंही सुनावलं. नवीबाई "बरं" एवढंच म्हणाल्या.

चार दिवस मास्तर त्यांची नजर चुकवत राहिला. त्या चहाला आल्या की हा उठायचा. पाचव्या दिवशी नवीबाईच त्याच्या टेबलाशी आल्या.

"मास्तर, नोंदी मलाही वाचता येतात."

त्याची मान खाली गेली. "मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. माझं राहू द्या. गजर खरंच वाजला नव्हता, हे त्या सिस्टरला कुणी कळवलंय का?"

चार दिवस मास्तर स्वतःच्या अब्रूचा विचार करत होता. ती सिस्टर त्याच्या डोक्यातही आली नव्हती. हातातला पेन कुठं ठेवावा ते कळेना. टीप वाचली नाही ही चूक झाली. पण हे काय होतं? याला त्याच्याकडे शब्द नव्हता.

तो तसाच साहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," साहेब एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुपारी तो दवाखान्यात गेला. मलमपट्टीच्या खोलीत सिस्टर एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. पट्टी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग एका दमात बोलला.

सिस्टर खुर्चीवर बसली. "रोज विचारत होते सगळे. आठवून आठवून मलाही वाटायला लागलं होतं, की वाजला असेल, माझंच लक्ष नसेल."

"मला माफ करा, सिस्टर."

"ते नंतर बघू. हे कागदावर लिहून द्या."

तिथल्याच टेबलावर त्यानं लिहून दिलं. तिनं कागद सावकाश वाचला, पुन्हा वाचला. "इथे 'आमच्याकडून' लिहिलंय. 'माझ्याकडून' करा." त्यानं खोडलं आणि केलं.

चौकशी मिटली. सिस्टरला भांडार परत देऊ केलं, पण तिनं नको म्हटलं. ऑफिसात एआय पुन्हा सुरू झालं, मात्र नवीबाईंनी त्यात एक बदल केला: एआयनं शंका काढली असेल, तर उत्तर स्वतः लिहिल्याशिवाय 'मान्य' दाबताच येत नाही. मास्तर उत्तर लिहितो, आणि ज्यांनी बदल केले त्यांना विचारायला आता स्वतः उठून त्यांच्या टेबलाशी जातो. कुणी मास्तर म्हणून हाक मारली की अजूनही तो ओ द्यायला जरा थबकतो.