हात पाठीमागे

“लिहिलं नाही, तर झालंच नाही.” माया गमरे हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायची. एखादं मूल पहिल्यांदा आपण होऊन चप्पल घालायचं, सगळे टाळ्या वाजवायचे आणि माया पेन शोधायची.

परळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, न बोलणाऱ्या, माणसाकडे न बघणाऱ्या मुलांचं केंद्र होतं. माया तिथं बारा वर्षं मावशी होती. मुलांना शी-शूला न्यायची, सांडलेलं पुसायची. पुसता पुसता ती बघत राहिली, आणि बघता बघता तिला ते काम कळू लागलं. दात घासण्यासारखी साधी गोष्ट पंधरा बारीक पायऱ्यांत कशी मोडायची, पायरी जमली की त्याच क्षणी शाबासकी नाही तर बिस्किटाचा तुकडा कसा द्यायचा. आधी हाताला धरून करून घ्यायचं, आणि वेल मांडवाला लागला की काठी काढावी, तसा तो हात हळूहळू काढून घ्यायचा. काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून तिनं पदवी घेतली. मग वर्तन-विश्लेषणाचं प्रशिक्षण सुरू केलं. देखरेखीखाली हजार तास काम, आणि शेवटी परीक्षकासमोर एक निरीक्षण.

नवरा जगदीश म्हणायचा, “पोरांना बिस्किटं चारायला एवढी पुस्तकं लागतात होय गं?”

“तुम्हाला वीस वर्षं चारली. काही फरक पडला का?” म्हणून माया वाचत राहायची.

हजार तास भरले. निरीक्षणाचा दिवस आला, आणि ती शेवटचीच संधी होती. जूनपासून एम.ए. झाल्याशिवाय कुणालाही थेरपिस्ट करायचं नाही, असं संस्थेनं ठरवलं होतं. मायाचं वय त्रेचाळीस. आज जमलं तर थेरपिस्ट, नाही तर जन्मभर मावशी.

निरीक्षणासाठी तिनं जुईला निवडलं होतं. जुई वरळी कोळीवाड्यातली, सहा वर्षांची. तिची आई रुपाली मासळीचा धंदा लवकर आवरून तिला घेऊन यायची. टेबलावर पेला, चमचा आणि कंगवा मांडायचा. “चमचा दे,” म्हटलं की जुईनं चमचा द्यायचा. आठ महिन्यांपूर्वी ही पोर टेबलाखाली जाऊन बसायची. आता दहापैकी नऊ वेळा बरोबर. मायाच्या वहीत बरोबरच्या खुणा उगवून आलेल्या वाफ्यासारख्या दिसत.

रुपाली एकदा म्हणाली होती, “मावशी, घरी मागितलं तर नाय देत हो ती. नुसती माझ्या तोंडाकडे बघते.”

“घरी लाड असतात. होईल,” माया म्हणाली होती.

शिकवलेलं दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं, हा नियम तिला पाठ होता. पण जुईचा धडा तिनं कुणालाच, अगदी शेजारच्या टेबलावर शिकवणाऱ्या अमितलाही, घेऊ दिला नाही. एवढी एक पोर तिला आपल्या एकटीची हवी होती.

त्या दिवशी अमित म्हणाला, “मावशी, उद्यापासून तुम्हाला मॅडम म्हणायचं ना?”

“आधी पाय उचल. लादी पुसायचीय.”

माटुंग्याहून निरीक्षणाला सरोजिनी मॅडम आल्या, कोपऱ्यात बसल्या. दहा प्रयत्न झाले. नऊ बरोबर. दारात उभ्या रुपालीनं हात जोडले.

मॅडमनी मात्र पेन उचललं नाही. “मायाताई, आणखी दहा घ्या. पण हात पाठीमागे ठेवा, आणि डोळे मिटा.”

मायानं डोळे मिटले. फक्त पंख्याचा आवाज राहिला. “जुई, चमचा दे.”

काहीच नाही.

“चमचा दे, बाळा.”

मग एक छोटा हात जवळ आला. तो टेबलाकडे गेलाच नाही. गार बोटं मायाची पापणी उघडू पाहत होती.

दहापैकी तीन. न बघता कुठलीही वस्तू उचलली तरी तेवढे बरोबर येतात.

“तुम्ही जी वस्तू मागता, त्याच वस्तूकडे नकळत बघता, हनुवटी जराशी वळते,” मॅडम म्हणाल्या. “जुईला शब्द कळत नाही. तुमचा चेहरा कळतो.”

“मॅडम, ही पोर कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. आता बघते. हे काहीच नाही?”

“आहे ना. पण शिकवायला घेतलं होतं ते हे नाही.” मग मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, “मुदत आजचीच आहे. पहिले दहा मी डोळ्यांनी पाहिलेत. तेवढेच लिहू का?”

मायानं मॅडमच्या पुढ्यातल्या निकालाच्या कागदाकडे पाहिलं.

“मग हिला वरच्या गटात घालतील,” ती म्हणाली. “तिथल्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात.”

तिनं कागद ओढला आणि दुसऱ्या रांगेत स्वतःच्या हातानं सात चुकीच्या, तीन बरोबरच्या खुणा केल्या. खाली सही केली. मॅडमनीही केली.

माया दारात जाऊन म्हणाली, “रुपाली, हिला चमचा म्हणजे काय, अजून ठाऊक नाही. चूक माझी. आठ महिने गेले तिचे.”

रुपालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मी शाळेत हिचं नाव घालून आले हो, मावशी. बोललेलं समजतं तिला, असं सांगितलं.” मग म्हणाली, “खोटं बोलला असता ना, तरी चाललं असतं.”

मायानं सवयीनं टेबल पुसलं, फडकं पिळून वाळत टाकलं, पिशवी घेतली आणि जिना उतरली.

खाली उन्हं कलली होती. ती लालबागच्या दिशेनं फुटपाथच्या कडेकडेनं चालू लागली. ना घाईत, ना सावकाश. वर गॅलरीत रुपाली जुईला घेऊन उभी होती.

“ती बघ, मावशी चालली,” म्हणत तिनं बोट दाखवलं. जुई त्या बोटाकडेच बघत राहिली. रस्त्याकडे एकटी रुपाली बघत होती, माया पुलाखालच्या गर्दीत मिसळून जाईपर्यंत.