हिलालआप्पांचा बोर्ड

सुरतेच्या गोडादऱ्यात माझं पेंटिंगचं दुकान आहे. नंबरप्लेटपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत सगळं रंगवतो, आणि माझ्या अक्षराला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. ती ठेवून वर मलाच कामाला लावणारा माणूस एकच भेटला, हिलालआप्पा.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. सुरतेत आले ते लूमवर, पण चार भिंतींत जीव रमेना म्हणून टँकरवर गेले. सत्त्याण्णव साली ते पलसाण्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यातून वापरून झालेलं ॲसिड भरूचकडच्या दुसऱ्या कारखान्यात पोचवत. असला माल नेणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचं शिक्षण घ्यावं, त्याला थोडं इंग्रजी वाचता यावं, असा सरकारी नियम. चौथी शिकलेल्या आप्पांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या दुकानात बसून एबीसीडी गिरवली. माझे ब्रश लपवून ठेवावे लागत, इतका त्यांना नाद लागला होता. शेवटी सर्टिफिकेट मिळालं. त्यांच्या शेठकडे, म्हणजे टँकरच्या मालकाकडे, सर्टिफिकेट असलेला ड्रायव्हर हा एकच.

नियम आणखीही होते. टँकरवर आतल्या मालाचं नाव, धोक्याची खूण आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत हवेत. बोर्ड होताही, मीच रंगवलेला. पण बोर्ड दिसला की नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावत, तासन् तास कागद तपासत. म्हणून गेटबाहेर पडताना बोर्डावर पोतं बांधायचं, अशी शेठची रीत. सगळे बांधत. आप्पाही बांधत.

उन्हाळा लागत आलेला. भर दुपारी चलथाणजवळ मागच्या व्हॉल्व्हमधून गळती सुरू झाली. आप्पांनी गाडी कडेला घेतली आणि पाना शोधायला सीटखाली वाकले. चलथाणला साखर कारखाना आहे. तिथल्या रस्त्यावरून मळीचे टँकर सारखे जातात, आणि मळी गळाली तर बायका ढोरांसाठी भांडं लावतात, कोणी हटकत नाही. हे ॲसिडही तसंच काळपट तपकिरी, घट्टसर. खानदेशातून ऊसतोडीला आलेली रुक्मिणी नावाची बाई डबा घेऊन आली. एका हाताने तिने धारेखाली डबा धरला आणि भरतोय का ते बघायला दुसरा हात धारेत घातला.

आप्पा स्वतःकडे बोट दाखवून त्यांच्या अहिराणीत सांगत, "ती किंचाळनी नही रे. नुसती मनाकडे पाहे."

तीन दिवसांत शिकलेलं तेव्हा कामाला आलं. जवळच्या हॉटेलच्या नळाखाली त्यांनी तिचा हात अर्धा तास धरून ठेवला, तिला दवाखान्यात पोचवलं. हात वाचला, बोटं काही पुन्हा सरळ झाली नाहीत. आप्पा माझ्या दुकानात आले आणि बाकावर बसून रडले. पोतं मीच बांधलं होतं, एवढंच म्हणत राहिले. मीही त्यांना समजावलं नाही. खरं ते खरंच होतं.

पुढच्या खेपेला टँकर भरला, शेठ पोतं घेऊन उभा. आप्पांनी किल्ली खिशात टाकली.

"बोर्ड उघडा, तं गाडी चाली. बोर्ड झाका, तं नही."

"हिलालभाई, नियम कागळ पर, धंधो रोड पर," शेठ गुजरातीत म्हणाला.

"ती बाई बी रोडवरच व्हती."

शेठने दुसरा ड्रायव्हर बोलावला. पण मालाचा कागद देणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरने सर्टिफिकेट मागितलं, तेव्हा तो ड्रायव्हर आल्या पावली परत गेला. इतके दिवस पोत्याकडे काणाडोळा करणाऱ्या या मॅनेजरला सही करताना मात्र नियम बरोबर आठवले. शेठने आप्पांना नोकरीवरून काढायची धमकी दिली. आप्पा गेटशी लिंबाच्या सावलीत बसून राहिले. बारा वर्षांची नोकरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, म्हणून त्यांचं मन वळवायला मी डबा पोचवण्याच्या निमित्ताने उषाबाईंबरोबर गेलो. त्या आप्पांच्या पत्नी, मोठ्या हिशेबी बाई. त्यांनी भाकरी काढून दिली आणि म्हणाल्या, "बठना शेस, ते आते उठू नको." मग मी कोणाला काय समजावणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचा ॲसिडचा हौद काठोकाठ भरला, काम बंद पडायची वेळ आली. मॅनेजर शेठवर ओरडला. शेठने पोतं आप्पांच्या अंगावर फेकलं आणि म्हणाला, ने तुझा बोर्ड.

मला वाटलं, जिंकलो. आप्पांना तसं वाटलं नाही. ते माझ्या दुकानात आले, म्हणाले, तुझा बोर्ड कुचकामी आहे. माझा पारा चढला. कवटी, हाडं, लाल अक्षरं, सगळं नियमाप्रमाणे होतं की. तर म्हणाले, "जिना हात जळना, तिले दाखाडू चाल."

रविवारी आम्ही चलथाणला तिच्या खोपीवर गेलो. बोर्डाचा नमुना मी पत्र्यावर करून नेला होता. रुक्मिणीने तो बराच वेळ पाहिला. अक्षरं तिला येत नव्हती. कवटीवर बोट ठेवून म्हणाली, गाडीला नजर लागू नये म्हणून लावता ना हे? आमच्या ट्रॅक्टरलाही काळी बाहुली आहे.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं मी पाट्या रंगवत होतो आणि ज्यांच्यासाठी रंगवतो त्यांना त्या कळतात का, हे कधी कोणाला विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

"मंग काय काढू, माय?" आप्पांनी विचारलं. "काय पाहीसन तू डबा लावती नही?"

तिने पदराखालून उजवा हात काढला आणि माझ्यासमोर धरला. "हाऊ काढ. हाऊ पाहीसन कोनी हात लावाव नही."

नियमाची खूण आणि अक्षरं जागची हलवायची नाहीत, असं आप्पांनी मला बजावलं. हाताचं चित्र शेजारी, वेगळ्या पत्र्यावर काढायचं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि पेन्सिल काढली. चित्र काढताना समोरच्याला मी नेहमी सांगतो, हात हलवू नका.

तिला सांगावं लागलं नाही. ती बोटं हलतच नव्हती.