आठांतला एक फोटो

रविवार उजाडला की मला तो नकोसा व्हायचा. बाकीच्या बायकांचा रविवार म्हणजे नवरा घरी, सावकाश न्हाणं, दुपारी जरा आडवं होणं. आमच्याकडे अंधारात उठून दशम्या करायच्या, पिठलं डब्यात भरायचं, पोरीला झोपेतच झबलं चढवायचं आणि तिला मांडीवर घेऊन सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसायचं. तोवर हे अंगणात आभाळाकडे तोंड करून उभे. "आज उजेड मऊ आहे," म्हणायचे. मऊ! उजेडाला काय हात लावून बघितला होता ह्यांनी?

पिंपरीला नवा कारखाना निघाला, त्याच्या ऑफिसात ह्यांना नोकरी लागली आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं आणि माळ. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून ह्यांनी तो कॅमेरा घेतला. घडीचा होता. झाकण उघडलं की पेटीच्या भात्यासारखा काळा भाता बाहेर यायचा आणि त्याच्या टोकाला काच. एका रोलमध्ये आठ फोटो. त्याला गुंडाळायला ह्यांनी मखमलीचा तुकडा आणला. लग्नात मला चोळीला साधा खण होता, ते मी त्यांना तेव्हाही ऐकवलं आणि पुढेही ऐकवत राहिले.

बरोबर ह्यांचा ऑफिसातला एक मित्र आणि त्याची बायको असायची. कधी आकुर्डीच्या शेतात, कधी निगडीच्या माळावर. निगडीच्या माळावर एक बाभूळ होती. त्या बाभळीच्या बरोब्बर डोक्यावर ढग आला पाहिजे आणि खाली बैल उभा पाहिजे, असा ह्यांचा हट्ट. ढग यायचा तेव्हा बैल चरत लांब गेलेला असायचा. बैल वळवून आणावा तर ढग पांगलेला. मित्र म्हणायचा, "राव, एकदा त्या बैलालाच विचारून घ्या, कधी सवड आहे ते." आम्ही दोघी बायका दगडावर बसून हसायचो, पण हसून किती हसणार? ऊन चढायचं, पोरगी किरकिर करायची, पाणी संपायचं. "अहो, आमचा तरी एक काढा," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "माणसं काय, घरीही दिसतात."

मला माझा फोटो नकोच होता. मला हवा होता माझ्या आईचा. माझे वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचा एकही फोटो नाही. ते कसे दिसायचे ते मला माहीत नाही, अगदी काही म्हणजे काही आठवत नाही. लोक सांगतात उंच होते, नाक सरळ होतं. सरळ नाकावरून बाप कसा उभा करायचा? आईचं तसं व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. घरात कॅमेरा आला तेव्हा खरं सांगायचं तर ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. म्हटलं, चला, आपलं एक काम झालं.

आई राहायची चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठच्या गावात, माझ्या भावाकडे. भोसरीपर्यंत सायकल, तिथे ओळखीच्या दुकानात ती ठेवायची आणि पुढे एस.टी. पहिल्यांदा आम्ही कॅमेरा घेऊन गेलो ते वैशाखात. पोचेपर्यंत बारा वाजले. हे म्हणाले, "आता ऊन डोक्यावर आहे. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतील." आणि गेले विहिरीवर मोटेचे फोटो काढायला. आठच्या आठ मोटेचे. मोटेला डोळे नसतात ना, तिला दुपार चालते.

दुसऱ्यांदा गेलो ते पोळ्याला. उजेड मऊ होता, ढग होते, सगळं ह्यांच्या मनासारखं होतं. अंगणात सगळ्यांना उभं केलं. भाऊ, भावजय, मी, मध्ये आई. ह्यांनी बघायला मान खाली घातली, तेवढ्यात आईने माझ्या कडेवरची पोरगी घेतली आणि बाजूला झाली. "मी कशाला मधी? सवाशिनींनी उभं ऱ्हावं." तिचं कपाळ मोकळं. चांगल्या कामाच्या जागी ती कधी पुढे थांबायचीच नाही, हळदीकुंकवाला आत चुलीपाशी, बारशाला मागच्या दारी. मी म्हटलं, "अगं आई, फोटो आहे, लग्न नाही." ती ऐकेल तर शपथ. आणि ह्यांनी तरी थांबावं की नाही? बटण दाबून मोकळे. म्हणे ढग जात होता. तो फोटो आला त्यात आम्ही तिघं खांबासारखे उभे आणि कडेला आईचं एक कोपर.

मी त्या दिवशी एस.टी.त ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना ते भोसरी आल्यावर कळलं.

मग आली खंडेनवमी. आमच्या माहेरी त्या दिवशी नांगर, विळे, खुरपी, कुऱ्हाड, सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि झेंडू वाहून पूजा करतात. भावाची सायकलही मांडली होती. आई म्हणाली, "जावयबापूंचं हत्यार कुठं हाय? ते बी मांडा." हे खूश! मखमल सोडून कॅमेरा पाटावर ठेवला. भावजय म्हणाली, "असं मिटल्या तोंडाची पूजा कशी करायची? उघडा की त्येला." ह्यांनी झाकण उघडलं, भाता बाहेर ओढला आणि भावाबरोबर मळ्यात जागा बघायला निघून गेले.

भावजयीने नुकतंच समईत तेल घातलं होतं. त्याच तेलकट बोटाने नांगराला हळदकुंकू लावलं, विळ्यांना लावलं, आणि कॅमेऱ्यापाशी आली. "वन्सं, ह्यो डोळाच न्हवं त्येचा?" म्हणाली आणि मी 'अगं थांब' म्हणेपर्यंत काचेवर बोट टेकवलंसुद्धा. आता हे आल्यावर सासुरवाडीत रामायण होणार. भावजय बिचारी कौतुकाने करत होती, तिला ह्यांच्या तोंडी कशाला द्यायचं? मी पटकन पदराने काच पुसली. दोनदा पुसली. कुंकू गेलं, हळद गेली, काच लखलखीत दिसायला लागली. मला वाटलं, झालं.

आणि त्याच दिवशी आई तयार झाली! हे मळ्यातून आले, कॅमेरा उचलला, तशी ती आपणहून म्हणाली, "पूजा झाल्याली वस्तू हाय. तिला न्हाई कसं म्हनायचं? काढा, बापू." मला खरंच वाटेना. हात-पाय धुऊन आली, डोक्यावरचा पदर नीट केला, लिंबाखालच्या बाजेवर बसली. ह्यांनी नेहमीप्रमाणे घोळ घातला, बाज सरकवली, परत सरकवली, तरी ती पाव तास हलली नाही. मग विचारते कशी, "हसू का नगं?" हे म्हणाले, "हसा की." आणि आई हसली. दातांची फट दाखवून, लहान पोरीसारखी हसली. मी तिला इतक्या लोकांसमोर तसं हसताना कधी बघितलं नव्हतं.

रोल पुण्याला धुवायला गेला. फोटो आले ते आठच्या आठ पातळ ताकातून बघावं तसे. झाडं गढूळ, माणसं गढूळ. आईच्या जागी बाजेवर बसलेला पांढरट ठिपका. डोळे नाहीत, हसू नाही. हे स्टुडिओवाल्याला शिव्या घालत होते, मग रोलला घालायला लागले. मला राहवेना. म्हटलं, "काचेला तेलाचं कुंकू लागलं होतं. मी पदराने पुसलं."

"पदराने? लेन्सला पदर?" ह्यांचा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला असणार. "आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथंच असं ओरडला असता!"

खूप बोललो एकमेकांना. चूक माझी होती, मला कळत होतं, म्हणून तर मी जास्त भांडले. शेवटी रडायला आलं. तेव्हा हे जरा नरमले आणि म्हणाले, "अगं पुन्हा काढू. तुझी आई काय कुठं पळून चाललीय?"

दिवाळी गेली. पुण्यात कसलंसं प्रदर्शन होतं, त्यासाठी रोलवर रोल निगडीच्या माळावर गेले. बाभूळ, ढग, बैल. मी दर शनिवारी आठवण करायची, ह्यांनी दर शनिवारी "पुढच्या रविवारी नक्की" म्हणायचं. शेवटी मार्गशीर्षात मी हट्टच धरला. मित्र आणि त्याची बायकोही निघाली. आईला आधी निरोप धाडला, नवा रोल घातला, काच कापसाने साफ केली, आणि मी ह्यांना बजावलं, हा रोल आईचा. हो म्हणाले. पण मोशीला नदी आली. इंद्रायणीवर धुकं होतं, आणि ह्यांचं चित्त गेलं. "दोनच काढतो," म्हणून सगळ्यांना एस.टी.तून उतरवलं. दोनाचे चार झाले. मी घाटावर बसून मोजत होते. सात झाले तशी मी उठून ह्यांचा दंड धरला. "बास. आता एकच राहिलाय." म्हणाले, "हो गं, कळतं मला." आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावरून बगळे उडाले. खट्. आवाज झाला त्याचा.

"अगं, बगळे बघितलेस का?" असे आनंदाने वळून विचारतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मित्राच्या बायकोने माझा हात धरून ठेवला, नाहीतर तो कॅमेरा त्या दिवशी इंद्रायणीत गेला असता. अजून मला वाटतं, जायला हवा होता.

आम्ही पोचलो तेव्हा आई धुतलेलं लुगडं नेसून बाजेवर बसली होती. सकाळपासून बसली होती, भावजय म्हणाली. रोल संपल्याचं ऐकून तीच ह्यांची समजूत घालायला लागली. "असू द्या, बापू. बगळं काय रोज घावत्यात व्हय? मी हायेच की हितं." मग उठून आमच्यासाठी भाकरी टाकायला गेली. ह्यांनी खाली मान घालून चार भाकरी खाल्ल्या.

माघात आई गेली. तापाचं निमित्त झालं, तीन दिवसांत आटोपलं. निरोप आला तेव्हा आम्ही पोरीला घेऊन तसेच निघालो. एस.टी.त बसल्यावर मी बघितलं, ह्यांच्या खांद्याला कॅमेरा होता. मी पोरीला कुशीत ओढलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

आईला अंगणात ठेवलं होतं. अंघोळ घातलेली, केस विंचरलेले, अंगावर नवं लुगडं. बायका रडत होत्या. हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "काढू का?" भाऊ माझ्याकडे बघत होता. मला नाही म्हणावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. पण मला ठाऊक होतं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "काढा."

ह्यांनी आभाळाकडे बघितलं नाही. बाज सरकवायला सांगितली नाही, कुणाला बाजूला व्हा म्हटलं नाही. गुडघे टेकले, भाता ओढला, खट्. एक मिनिट लागलं. मी मनात मोजलं नव्हतं, पण त्याहून जास्त लागलं नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. एवढंच काम होतं ते. एका मिनिटाचं. मी आईसाठी रडत होते की त्या मिनिटासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही.

रोलमधले उरलेले सात फोटो ह्यांनी काढलेच नाहीत. तसाच धुवायला दिला. तेराव्यानंतर मी पिंपरीला परतले, तेव्हा एका संध्याकाळी ते पाकीट घेऊन आले आणि फोटो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. इतका स्वच्छ फोटो त्यांनी आधी कधी काढला नव्हता. एकेक सुरकुती दिसत होती, कपाळावरचं हिरवं गोंदण दिसत होतं, पदराचा काठसुद्धा मोजता आला असता. हे उभेच होते. बूटही काढले नव्हते. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "कसा आलाय?"

"छान आलाय," मी म्हटलं. "डोळे तेवढे मिटलेत."